कूलरखालची भिंत

आमच्या नागपुरात घर कधी रंगवायचं हे खरं तर कूलर ठरवतो. लोक दिवाळी धरून चालतात, तो भाग वेगळा. होळी झाली की खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर कूलर चढतो, पाऊस पडेपर्यंत दिवसरात्र घरघरतो आणि त्या खिडकीखालची भिंत सगळा उन्हाळा पाणी पीत बसते. मागोमाग पावसाळा. म्हणजे होळीपासून नवरात्रापर्यंत त्या भिंतीला वाळायला सवडच मिळत नाही. आणि आपण दसरा झाला रे झाला की पेंटर शोधायला निघतो!

आमचं घर मानेवाड्याकडं, नव्वदच्या दशकातलं. दहा फूट उंचीच्या खोल्या, जाड विटांच्या भिंती. हॉलला खाली साडेतीन फुटांपर्यंत हिरवट ऑइल पेंटचा पट्टा आणि वर डिस्टेंपर. तेव्हा सगळ्यांकडं असंच असायचं. पोरांचे हात लागले तरी पट्टा पुसता येतो म्हणून. खिडकीखाली मात्र पट्ट्याला फुगे येऊन पोपडे सुटले होते आणि मागं पांढरी, मऊ पूड. दर दोन-तीन वर्षांनी तेवढंच खरवडून वर रंगाचा हात मारायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. सासूबाई त्याला बुरा, म्हणजे बुरशी, म्हणायच्या आणि फिनाइलनं पुसायच्या.

स्वतः रंगवायचं ठरलं त्याला हौस हे कारण नव्हतं. दिवाळीआधी पेंटर मिळत नाही हे जगजाहीर आहे. दिवाळीनंतर तरी मिळावा? तर नागपुरात तेव्हा अधिवेशनाची गडबड सुरू होते. 1953 च्या नागपूर करारामुळं वर्षातलं एक अधिवेशन इथं घ्यायचं असतं, म्हणून थंडीत सरकार इकडं येतं. ते यायच्या आधी रविभवन, आमदार निवास, सगळीकडं रंगरंगोटी निघते. एका पेंटरनं फोनवर सरळ सांगितलं, "ताई, आता सिव्हिल लाइन्समधी काम लागून राहिलं, जानेवारीत पाहू." दुसऱ्यानं कोटेशन दिलं, त्यात रंगापेक्षा मजुरी जास्त होती. त्याचंही चूक नाही, काम कष्टाचंच आहे. पण मग नवरा म्हणाला, "आपणच करू." आपण म्हणजे कोण, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आमच्या ओळीत शेवटच्या घरात एक मामा राहतात. आयुष्यभर पेंटिंगचं काम केलं, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांना विचारायला गेले तर काठी टेकत घरीच आले, खुर्ची मागितली आणि भिंतीकडं पाहत म्हणाले, "बाई, रंग तं कोनीबी मारते. हे भिंत वाळली का, ते सांगा पहिले."

वाळली की नाही हे कळायचा एक साधा उपाय आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा दीडेक फुटाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, भिंतीवर ठेवून चारही कडा टेपनं पक्क्या बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र तसाच सोडायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, दव आलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आलं तर ती हवेतली. आम्ही दसऱ्याच्या सुमारास खिडकीखाली असा तुकडा लावला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब ओघळत होते आणि टेपची खालची कड सुटून आली होती. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, बाहेर कडक ऊन, हात लावला तर भिंत कोरडी लागायची. तरी आत एवढं पाणी. समोरच्या, कूलर नसलेल्या भिंतीवर तोच प्रयोग केला, तिथं प्लॅस्टिक कोरडं ठक्क.

आणि ती पांढरी पूड बुरा नव्हे, खार. ओलं बोट लावलं की विरघळते. बुरशी अशी विरघळत नाही. विटेत, रेतीत, सिमेंटमध्ये क्षार असतातच. पाणी ते सोबत घेऊन भिंतीच्या पृष्ठभागाकडं येतं, वाफ होऊन उडून जातं आणि क्षार मागं राहतात. रंगाच्या आत त्यांचे खडे वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. त्यात कूलरचं पाणी आणखी वाईट. टाकीतलं पाणी वाफ होऊन जातं, क्षार टाकीतच राहतात, आपण वरून पुन्हा पाणी भरतो. मे अखेरीस कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर, जो पांढरा थर दिसतो तो हाच. म्हणजे टाकी ओसंडून खिडकीच्या कट्ट्यावर जे सांडतं ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. वर ऑइल पेंटचा घट्ट पापुद्रा असला की भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मग फुगे येणारच. पुसून तर मुळीच उपयोग नाही. पाण्यानं पुसलं की खार विरघळून परत आत मुरतो. तो कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून फेकायचा असतो.

इतवारीत रंगाच्या एका दुकानात हे सांगितलं तर त्यांनी लगेच ओलीवरचा एक महागडा डबा काढून समोर ठेवला. "हे मारा, ओल बंद." आतून कितीही काही मारलं तरी पाणी बाहेरून येत असेल तर ते शेजारून वाट काढतं, ही साधी गोष्ट. मी तो डबा घेतला नाही. त्या पैशात मिस्त्री बोलावला.

मिस्त्रीनं बाहेरून पाहिलं. खिडकीच्या कट्ट्याचा उतारच आतल्या बाजूला होता! इतकी वर्षं सांडलेला प्रत्येक थेंब घराकडं येत होता. त्यानं कट्टा टाचला, उतार बाहेर काढला, कट्ट्याच्या पुढच्या कडेखाली पाणी टपकायला एक खाच ठेवली आणि भिंतीतल्या भेगा भरल्या. कूलरची घोडी भिंतीपासून वीतभर पुढं सरकवली, ओसंडलेलं पाणी थेट अंगणात पडेल अशी नळी लावली. आतल्या बाजूला कंबरेपर्यंतचं सगळं सडलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकलं. हातोडीचीही गरज नव्हती, करणीनं खरवडलं तर भुसभुशीत पडत होतं. विटा काही दिवस उघड्या ठेवून मग नवीन प्लास्टर. त्याला आठवडाभर पाणी मारायचं आणि नंतर निदान महिनाभर हात लावायचा नाही. नव्या सिमेंटमध्ये अल्कली जोरात असते, घाईनं रंग दिला तर रंगाची वाट लागते.

म्हणजे दिवाळीत आमच्या हॉलला एका बाजूला राखाडी प्लास्टर आणि तीन बाजूंना जुना रंग. फराळाला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. एक काकू तर "पैसे कमी पडले का बाप्पा?" इथपर्यंत आल्या. सासूबाईंना ते फार लागलं. त्यांनी त्या भिंतीसमोर सोफा ओढून घेतला, आणि मी रोज रात्री तो परत मागं सरकवायची, कारण तिथं हवा खेळायला हवी होती. भाऊबीजेपर्यंत हे आमचं मूकयुद्ध चाललं.

दिवाळीनंतर बाकीच्या भिंती काढल्या. डिस्टेंपरचं सोपं असतं. तळहात घासला तर हाताला पीठ लागतं, म्हणजे तो निघायलाच हवा. भिंतीवर पाणी मारायचं, थोडं मुरू द्यायचं आणि रुंद पत्रीनं खरवडायचं. चिखलासारखा खाली येतो. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरायचं आणि त्यावर जुनी चादर. नुसत्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो.

ऑइल पेंटच्या पट्ट्यापाशी मात्र मी थांबले. एक म्हणजे त्या चकचकीत थरावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, म्हणजे रंगाआधी भिंत सपाट करायला लावतात तो लेप, पकड घेत नाही. मामांच्या भाषेत, "पट्ट्यावर तशीच मारली तं पापडावानी निघून येते." दुसरं कारण जास्त गंभीर. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडं 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर होते आणि लहान मुलांना ती सगळ्यात घातक. म्हणून पट्टा सगळा ओला घासला. काळा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्याची बादली, तोंडाला करोनाच्या काळातला उरलेला एन-95 मास्क. पूर्ण रंग काढायचा नाही, फक्त चमक मारायची. उघड्या बल्बखाली पाहिलं तर भिंत कुठंही चमकायला नको. निघालेला गाळ कापडानं टिपून पिशवीत बांधायचा, झाडू लावायचा नाही. लेकीला या कामातून बाहेर ठेवलं. तिनं कारण ऐकून घेतलं आणि लगेच आजीला जाऊन सांगितलं की आपल्या घराच्या भिंतीत विष आहे. पुढचा एक तास मी तेच निस्तरत होते.

घासलेल्या पट्ट्यावर ऑइल प्रायमरचा एक हात आणि त्यावर तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी. वर, जिथं डिस्टेंपर काढून प्लास्टर उघडं झालं होतं तिथं, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. ही पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची, पुन्हा एकदा घोटायची आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. भिंत आधी ओली करायची, नाहीतर कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर ती हाताला सुटते. पहिला हात खालून वर, दुसरा आडवा, दोन्ही पातळ. जाड थर दिसायला लवकर सपाट दिसतो, पण चिरतो.

खरी कसोटी होती ती पट्ट्याच्या रेषेची. साडेतीन फुटांवर, जिथं ऑइल पेंट संपून डिस्टेंपर सुरू व्हायचं, तिथं सगळ्या खोलीभर एक बारीक उंचवटा होता. दिवसा तो दिसतच नव्हता. मामा म्हणाले, "राती बॅटरी भिंतीले टेकवून धरा, मंग सांगा." रात्री दिवे बंद केले, टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि पोटात गोळाच आला. सपाट वाटणाऱ्या भिंतीवर पत्रीच्या प्रत्येक फटक्याची लांब सावली, मध्येच वाळूचे कण, आणि त्या रेषेची तर काळी किनार या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. लेक पेन्सिल घेऊन आली. मी टॉर्च सरकवायची, ती सावली दिसेल तिथं गोल काढायची. थोड्या वेळात भिंत गोलांनी भरून गेली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गोलावर पातळ पुट्टी, रेषेवर फूटभर रुंदीची पट्टी वर-खाली ओढत नेली, मग 120 नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी 220 चा. घासण्याची धूळ कशी असते हे सांगून पटत नाही. पंखा बंद, स्वयंपाकघराच्या दाराला ओली चादर, टीव्ही गुंडाळलेला, तरी डब्यातल्या साखरेवर पांढरं काहीतरी होतंच. पेन्सिलचे गोलही घासताना गेलेले बघायचे. राहिले तर रंगातून डोकावतात.

मग पाण्याचा प्रायमर. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालायचं. प्रायमर वाळला की आणखी काही खड्डे दिसतात, त्यांना पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, तेवढ्यापुरता पुन्हा प्रायमर. इथं कंटाळा येतो. इथंच लोक "चालतं" म्हणतात.

रंग कोणता, यावर घरात एकमत होणं शक्य नव्हतं. लेकीला राखाडी हवा होता, सासूबाईंना क्रीम, नवऱ्याला "कोणताही". शेजारच्या भाऊंनी सुचवलं, "गडकरीसाहेबांचा शेणाचा रंग काहून नाही घेत?" खादी ग्रामोद्योगचा हा प्राकृतिक पेंट जानेवारी 2021 मध्ये बाजारात आला, डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्हीत मिळतो. मला हवी ती छटा त्यात मिळेना, म्हणून राहिलं. नाहीतर माझा काही विरोध नाही. शेवटी छोटे डबे आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले, एक खिडकीसमोर, एक अंधाऱ्या कोपऱ्यात. कार्डावरची बोटभर छटा भिंतीवर गडद होते, आणि ट्यूबलाइटखाली राखाडीत निळेपणा येतो. संध्याकाळी दिवा लागला तशी लेक स्वतःच म्हणाली, "हे तर दवाखान्यासारखं वाटून राहिलं." क्रीमच्या जवळचा मोतिया पास झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी पाटोड्यांची भाजी झाली.

हिशेब अवघड नाही. हॉल दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे चारही भिंती मिळून 440 चौरस फूट. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या की 390 च्या आसपास. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हात धरून शंभर ते सव्वाशे चौरस फुटांना पुरतं. चार लिटरचा डबा आणला, थोडासा उरला. दोन डबे लागणार असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत. मशीनवर बनवलेल्या छटेतही डब्या-डब्यात किंचित फरक पडू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

प्रत्यक्ष रंग मारणं? सगळ्यात कमी वेळ त्यालाच लागला. कडा आणि कोपरे दोन इंची ब्रशनं कापून घ्यायचे, मग रोलर. नवा रोलर आधी धुऊन वाळवायचा, नाहीतर त्याचे केस भिंतीला चिकटतात. एक भिंत सुरू केली की संपल्याशिवाय उठायचं नाही. दाराची बेल वाजली तरी. ओल्या कडेला ओला रंग मिळाला पाहिजे, वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर गेला की पट्टे दिसतात. हे नागपुरात मे महिन्यात कसं जमणार ते मला कळत नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या कोरड्या हवेत रंग रोलरवरच आटतो, खिडकी उघडली तर गरम वाऱ्याबरोबर धूळ, आणि कूलर लावला तर खोलीत एवढा दमटपणा की पहिला हात वाळतच नाही. डिसेंबरची दुपार यासाठी सोन्यासारखी. फक्त संध्याकाळी काम आवरायचं. आपल्याकडं थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि एवढ्या गारठ्यात पाण्याच्या रंगाचा थर नीट जमत नाही. दुपारी चारनंतर नवीन भिंत सुरू केली नाही.

खिडकीखालच्या नव्या प्लास्टरवर त्याआधी पुन्हा प्लॅस्टिक लावून पाहिलं होतं. कोरडं निघालं, तेव्हाच तिथं पुट्टी लावली. मामा रंग मारायच्या दिवशीही येऊन बसले होते. माझ्या रोलरकडं त्यांनी पाहिलंही नाही, चहा घेतला आणि नवऱ्याशी अधिवेशनावर बोलत राहिले. ती पसंती असावी.

दारं आणि ग्रिल मात्र मी केली नाहीत, ती जानेवारीत पेंटरलाच दिली. ऑइल पेंटचे ओघळ न येऊ देता ग्रिलच्या नळ्या फिरत्या हातानं रंगवणं हे वेगळं कसब आहे, आणि टर्पेंटाइनच्या वासात चार दिवस राहायची माझी तयारी नव्हती. त्यानं हॉल पाहिला आणि "कोनाकडून केलं?" विचारलं. मी सांगितलं तर म्हणाला, "मग बेडरूमबी तुमीच करा ना."

बेडरूमच्या एका भिंतीपलीकडं बाथरूम आहे आणि तिथली ओल नळाच्या जोडातून येते. प्लंबर दोनदा येतो म्हणाला आहे. तो येईपर्यंत पुट्टीची उरलेली गोणी वाया जाणार, कारण एकदा उघडलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पावसाळ्यात दगड होते. मानेवाड्याच्या आसपास कुणाचं काम चालू असेल आणि भिंत खरंच वाळलेली असेल, तर येऊन घेऊन जा.